वेष्टनाच्या मागच्या बाजूला

साखर, दुधाचे घनपदार्थ, कोको बटर, कोकोचे घनपदार्थ, इमल्सिफायर ४४२ आणि ४७६, स्वादद्रव्यं. आपल्याकडे मिळणाऱ्या दूध-चॉकलेटच्या मागच्या बाजूला साधारण हीच यादी असते. अक्षरं इतकी बारीक की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चष्मा लावल्याशिवाय ती दिसतही नाहीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे, हा नियम आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त, ते पहिलं. ज्याच्या नावावर हा पदार्थ विकला जातो तो कोको यादीत तिसऱ्या-चौथ्या जागी येतो, आणि पहिल्या जागी साखर बसलेली असते.

दिवाळीत भेट द्यायच्या डब्यांमध्ये चॉकलेटनं आता काजूकतलीच्या बरोबरीनं जागा मिळवली आहे. पण काजूकतलीत काय असतं हे घरातल्या कोणालाही विचारा, सांगता येतं. चॉकलेटबद्दल तसं सांगता येत नाही. म्हणून ही यादी नीट वाचायला हवी. तिच्यातला प्रत्येक शब्द एखाद्या शेताकडे, एखाद्या कारखान्याकडे, एखाद्या बाजाराकडे घेऊन जातो. त्या वाटांनी गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: फळ पिकवणाऱ्याच्या हाती थोडं उरतं, फळावर पुढची क्रिया करणाऱ्याच्या हाती बरंच. हे चित्र बदलताही येतं, आणि ते बदलल्याचं ठोस उदाहरण आपल्या शेजारीच, दक्षिण कन्नड जिल्ह्यात आहे.

सुपारीच्या सावलीत

मंगळूरहून आत पुत्तूर-विट्टलच्या बाजूला गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुपारीच्या बागा लागतात. सरळ उंच गेलेल्या पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेली मिरीची वेल आणि खाली रुंद, लोंबत्या पानांची बुटकी झाडं. हाच कोको. पोफळीच्या झावळ्यांतून गाळून येणारं ऊन त्याला मानवतं. उघड्या माळावरचं कडक ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही. पोफळी साधारण २.७ मीटर अंतरावर असतात, आणि दोन ओळींच्या मध्ये कोकोची ओळ बसते. वर्षभर गळणारी त्याची पानं जमिनीवर जाड थर धरतात, ओल टिकवतात, कुजून खत होतात.

झाड मूळचं अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. आजच्या इक्वेडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिडा इथे सापडलेल्या भांड्यांवर कोकोचे अंश मिळाले आहेत. त्यांचं वय सुमारे ५,३०० वर्षं ठरवण्यात आलं. तिथून ते मध्य अमेरिकेत गेलं, माया आणि अझ्टेक लोकांच्या पेयात आलं, त्यांच्या बाजारात बियांचं चलनही झालं. भारतात ईस्ट इंडिया कंपनीनं १७९८ मध्ये तमिळ प्रदेशातल्या कुर्ताळम इथे पहिली रोपं लावली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं मात्र कोको इथे बागांतलं कुतूहल म्हणूनच राहिला.

फणसाप्रमाणे कोकोचीही फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. फुलं जेमतेम नखाएवढी. परागीभवन मधमाश्या करत नाहीत. ओल्या पालापाचोळ्यात वाढणाऱ्या, चिलटांहूनही बारीक माश्या ते काम करतात. झाडावर हजारो फुलं येतात, त्यातली शंभरात फार तर चार-पाच फळापर्यंत पोचतात. बाग झाडून लख्ख ठेवली, तर या माश्यांचं घर मोडतं आणि फळधारणा घटते. म्हणून कोकोच्या बागेत पाचोळा तसाच पडू द्यावा लागतो.

फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. आत पांढऱ्या, गोड-आंबट गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया असतात. खार आणि उंदीर यांना हा गर फार आवडतो. फळ पोखरून ते रिकामं करतात, म्हणून बागाईतदाराला पिकू लागलेल्या फळांवर सतत नजर ठेवावी लागते. पावसाळ्यात फळकूज येते. फायटोप्थोरा नावाचा रोगजंतू फळ काळं करून टाकतो, त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. कोकणातल्या सुपारीवाल्याला हे वेगळं सांगायला नको, कारण त्याच्या बागेतली कोळेरोगाची लढाईही याच कुळातल्या शत्रूशी चालते.

आंबवण्याचे सहा दिवस

ताजी कोकोची बी तोंडात टाकली तर चॉकलेटची पुसटशीही आठवण होत नाही. बाहेरचा गर लिचीसारखा, आतली बी जांभळी, कडू, तुरट. ती तशीच वाळवून, भाजून, दळली तरी चॉकलेटची चव येत नाही. चव येण्यासाठी बिया आंबाव्या लागतात. चॉकलेट बनण्याच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत निर्णायक टप्पा हाच, आणि तो कारखान्यात पोचण्याआधी शेताच्या जवळ घडतो.

फळं फोडून गरासकट बिया लाकडी खोक्यात भरतात, वर केळीची पानं किंवा गोणपाट झाकतात. घानाचे लहान शेतकरी खोक्याऐवजी केळीच्या पानांवर ढीग रचतात. पहिल्या दिवशी यीस्ट कामाला लागतं. गरातल्या साखरेचं मद्य होतं, गर पातळ होऊन खालच्या भोकांतून झिरपून जातो. त्याच सुमारास दुधाचं दही करणाऱ्या कुळातले लॅक्टिक जिवाणू वाढतात. मग ढीग वरखाली करतात, आत हवा खेळते, आणि मद्याचं व्हिनेगर करणारे जिवाणू जोर धरतात. ते इतकी उष्णता सोडतात की ढिगाच्या मध्यभागी तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत जातं. या उष्णतेनं आणि आम्लानं बीमधला अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, आणि आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत राहिलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात, साखरेचं विघटन होतं, कडूपणा देणारी पॉलिफेनॉल द्रव्यं कमी होतात, जांभळा रंग तपकिरी होत जातो. पुढे भाजताना जो वास दरवळतो त्याचं सामान इथे, या पाच ते सात दिवसांत तयार होतं.

दिवस कमी पडले तर बी कडू राहते. जास्त झाले तर घाण वास येतो. ढीग लहान असेल तर पुरेशी उष्णताच धरत नाही. चार झाडांच्या मालकाला हे काम एकट्यानं नीट जमत नाही ते यासाठी. त्यानंतरचं वाळवणं तितकंच अवघड. ओलावा सहा-सात टक्क्यांवर आणायचा, तोही सावकाश, नाहीतर आम्ल आतच अडकतं. आपल्या किनारपट्टीवर फळांचा मोठा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटाला सुरू होऊन पावसात शिरतो. ऊन मिळत नाही, बुरशी धरते, आणि धुरावर वाळवलं तर चॉकलेटला धुराची चव येते. ती पुढे कुठल्याही यंत्रानं काढता येत नाही.

बियांचा दर्जा पाहण्याची रीत साधी आहे. मूठभर बिया उभ्या कापायच्या आणि रंग पाहायचा. तपकिरी आणि सुरकुत्या पडलेली आतली बाजू म्हणजे नीट आंबलेली, जांभळी म्हणजे अर्धवट, पाटीच्या दगडासारखी करडी आणि गुळगुळीत म्हणजे आंबलेलीच नाही. यातला फरक ओळखणारी नजर आणि तो घडवणारे हात, यांचं मोल वेष्टनावरच्या कुठल्याच शब्दात दिसत नाही.

भारतात बरेच शेतकरी ही कटकट टाळण्यासाठी ओल्या बियाच खरेदी केंद्रावर नेऊन घालतात. सुमारे तीन किलो ओल्या बियांची एक किलो सुकी बी होते. आंबवण्याची आणि वाळवण्याची जबाबदारी गेली, पण त्यातून वाढणारी किंमतही गेली.

दगडाच्या पाट्यावर

पुढचं काम भाजण्याचं, पाखडून टरफल काढण्याचं आणि दळण्याचं. भाजताना अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात जी रासायनिक क्रिया होते, तीच भाकरीला खमंगपणा देणारी मेलार्ड क्रिया. टरफल गेल्यावर उरलेल्या तुकड्यांत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. त्यामुळे दळताना पीठ होत नाही, दाट, वाहता लगदा होतो. ॲमस्टरडॅमच्या फान हाउटेन कुटुंबाच्या नावे १८२८ मध्ये दाबयंत्राचं पेटंट झालं. त्यानं या लगद्यातून कोको बटर वेगळं काढता येऊ लागलं, आणि मागे राहिलेल्या पेंडीची कोको पावडर झाली. यादीत दोन वेगळे शब्द दिसतात, 'कोको बटर' आणि 'कोको घनपदार्थ', त्यांची फारकत इथे झाली. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीनं कोकोच्या लगद्यात साखर आणि जास्तीचं कोको बटर मिसळून साच्यात घातलं, आणि तोवर पिण्याचं असलेलं चॉकलेट चावून खाण्याचं झालं.

दळण किती बारीक हवं? जिभेला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण खरखरीत लागतो, म्हणून चॉकलेट २० मायक्रॉनच्या आसपास दळतात. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंडनं ते तासन् तास घोटण्याचं यंत्र आणलं. त्यानं आम्लाचा उग्र वास उडून जाऊ लागला आणि प्रत्येक कणावर स्निग्धांशाचा थर बसू लागला.

या साखळीत आपल्याकडच्या एका वस्तूनं मोठी कामगिरी केली आहे. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरच्या घरी बियांपासून चॉकलेट बनवण्याची हौस वाढली, तेव्हा मोठ्या कारखान्यांची यंत्रं कोणालाच परवडत नव्हती. शोधता शोधता हौशी लोकांच्या हाती इडली-डोशाचं पीठ वाटायचा कोइम्बतूरचा दगडी वेट ग्राइंडर लागला. ग्रॅनाइटचा तळ, ग्रॅनाइटचे फिरणारे रोळ, दिवसरात्र चालण्याची ताकद. मोटार आणि पट्टे थोडे बदलले की तोच दळतो आणि तोच घोटतो. आज जगभरातल्या लहान चॉकलेट कारखान्यांत तमिळनाडूत घडलेली ही यंत्रं फिरत आहेत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये, म्हैसूरमध्ये, कोचीत, हैदराबादेत जे भारतीय चॉकलेटवाले उभे राहिले, त्यांनी दळणाइतकीच मेहनत आंबवण्यावर घेतली. शेतकऱ्याकडून फळं घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली आंबवायची, बागेचं आणि जिल्ह्याचं नाव वेष्टनावर छापायचं, अशी ही वाट आहे. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या नारळाखालचा कोको आणि केरळातल्या इडुक्कीचा कोको यांच्या चवीत फरक असतो, हे ग्राहकाला त्यांच्यामुळे कळू लागलं.

वितळण्याचं गणित

यादीतला सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त फसवणूक होणारा शब्द म्हणजे कोको बटर. खोलीच्या तापमानाला ते कडक असतं, तोडलं तर कटकन तुटतं, आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, एकदम वितळतं. तोंडात टाकताच चॉकलेट नाहीसं होतं ते या गुणामुळे. दुसऱ्या फार थोड्या स्निग्ध पदार्थांत इतक्या थोड्या अंशांत घनाचं द्रव होण्याची शक्ती आहे.

मात्र त्याला हाताळणं सोपं नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं आणि त्यातला पाचवाच आपल्याला हवा असतो. त्याच्यामुळे चकाकी येते, कटकन आवाज येतो, साच्यातून वडी सुटते. तो मिळवण्यासाठी वितळलेलं चॉकलेट आधी थंड करायचं, मग थोडं तापवायचं, एकेका अंशाची काळजी घ्यायची. याला टेम्परिंग म्हणतात. ते चुकलं, किंवा वडी उन्हाळ्यात विरघळून पुन्हा थिजली, की पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा येतो. पुष्कळ जण ती बुरशी समजून चॉकलेट फेकून देतात. तो स्निग्धांशाचा थर असतो आणि खायला निर्धोक असतो. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दव धरून साखर वर आली तरी तसाच थर दिसतो.

नागपूर, जळगाव, सोलापूरच्या उन्हाळ्यात ३४ अंश म्हणजे सकाळचं तापमान. मग आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणी आणि घरगुती उद्योगांत 'होममेड चॉकलेट' म्हणून विकलं जाणारं चॉकलेट टिकतं कसं? त्यातलं बहुतेक 'कंपाउंड'पासून बनतं. कंपाउंड म्हणजे कोको पावडर, साखर आणि कोको बटरच्या जागी घट्ट केलेलं दुसरं वनस्पती तेल, बहुधा पामच्या गराचं. ते स्वस्त असतं, टेम्परिंग मागत नाही, उन्हात टिकतं. तोंडात मात्र टाळूवर मेणासारखा थर ठेवून जातं, कारण शरीराच्या तापमानाला ते पुरतं वितळत नाही. घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांनी कंपाउंड वापरलं यात काहीच गैर नाही. त्यातून कितीतरी संसारांना हात लागला आहे. पण विकत घेणाऱ्याला तो काय घेतो आहे हे कळलं पाहिजे. यादीत 'कोको बटर' हे शब्द नसतील आणि 'हायड्रोजनेटेड वनस्पती तेल' असेल, तर ते चॉकलेट नव्हे, चॉकलेटच्या स्वादाची मिठाई आहे.

सहातले तीन आपले

युरोपीय संघात चॉकलेटमधल्या तेलांवरून बराच काळ भांडण चाललं होतं. ब्रिटनसारखे देश थोडं दुसरं वनस्पती तेल घालत आले होते, तर बेल्जियम, फ्रान्ससारख्या देशांना त्याला चॉकलेट म्हणणंच मान्य नव्हतं. अखेर २००० साली तोडगा निघाला. कोको बटरखेरीज फक्त सहा ठराविक स्निग्ध पदार्थ, तेही एकूण वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत चालतील, आणि तसं वेष्टनावर स्पष्ट छापावं लागेल. ती सहा नावं अशी: बोर्निओचं इलिपे, पाम, आफ्रिकेतलं शिया, साल, आंब्याची कोय आणि कोकम.

शेवटची तीन नावं पुन्हा वाचावीत. सालाच्या बिया मध्य भारताच्या जंगलात आदिवासी बायका वेचतात. आंब्याच्या कोयी आपल्या कॅनिंग कारखान्यांच्या मागे ढिगानं पडतात. आणि कोकम तर पश्चिम घाटाचंच झाड. युरोपच्या कायद्यानं ज्या सहा तेलांना कोको बटरच्या शेजारी बसण्याचा मान दिला, त्यातली तीन आपल्या मातीतली आहेत.

कोकमाचं तेल कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या काढलं जातं. आमसुलांसाठी साल काढली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारं तेल काढून घेतलं की ते थंड होताच घट्ट होतं. घरोघरी ते पायाच्या भेगांवर आणि कुठेकुठे स्वयंपाकातही वापरलं गेलं आहे. त्याची रासायनिक घडण कोको बटरला जवळची आहे. त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण मात्र जास्त, म्हणून ते थोडं अधिक तापमानाला, ४० अंशांच्या आसपास वितळतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. कोकमाचं तेल थोड्या प्रमाणात घातल्यानं चॉकलेटचा कडकपणा वाढतो आणि ते उष्ण हवेत अधिक तग धरतं, असं त्या संशोधनात दिसलं. आपल्यासारख्या उष्ण देशाला नेमकं हेच हवं आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' यांसारख्या जाती दिल्या. आमसूल, आगळ, सरबत यांची बाजारपेठ उभी राहिली. बी मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी किरकोळ दरानं निघून जाते. तिच्यातलं तेल शुद्ध करून त्याचे स्निग्धांश वेगळे केले, तर ते चॉकलेटच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात मोठ्या भावानं जातं. ही वाढ होते ती शुद्धीकरण करणाऱ्याच्या दारात.

यादीतले बाकीचे

साखरेबद्दल महाराष्ट्राला सांगण्यासारखं फार नाही. स्वस्त, मुबलक आणि वजन भरणारी, म्हणून ती पहिली येते. युरोपात साध्या चॉकलेटमध्ये एकूण कोको किमान ३५ टक्के आणि दूध-चॉकलेटमध्ये किमान २५ टक्के असावा लागतो, आणि त्याचं प्रमाण वेष्टनावर द्यावं लागतं. घेताना हा आकडा शोधावा. तो मोठा असेल तर साखर आपोआप कमी असते.

दूध चॉकलेटमध्ये येणं सोपं नव्हतं. दुधात पाणी असतं आणि पाण्याचा थेंब पडला की वितळलेलं चॉकलेट क्षणात घट्ट गोळा होतं. स्वित्झर्लंडच्या व्हेव्हे गावातल्या डॅनियल पीटरनं १८७५ च्या सुमारास आटवलेल्या दुधाचा आधार घेऊन ही अडचण सोडवली. ब्रिटिश पद्धतीत दूध आणि साखर कोकोबरोबर आटवून कोरडा चुरा करतात. त्यातून किंचित खव्यासारखी, भाजलेल्या दुधाची चव येते. भारतीय जिभेला आवडलेलं दूध-चॉकलेट मुख्यतः या चवीचं आहे.

४४२ आणि ४७६ हे आकडे पाहून पुष्कळांना धास्ती वाटते. त्यांचं काम कोको बटर वाचवण्याचं. चॉकलेट पातळ वाहतं राहावं म्हणून कोको बटर वाढवायचं तर खर्च वाढतो. त्याऐवजी अर्धा टक्का लेसिथिन किंवा त्याच्या जातीचं ४४२ घातलं की तेच काम होतं. ४७६ एरंडेलापासून बनतं, आणि जगातला बहुतेक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. म्हणजे इथेही कच्चा माल आपलाच.

स्वादद्रव्यांत बहुधा व्हॅनिला किंवा कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन असतं. व्हॅनिलाच्या वेलीला मूळ प्रदेशाबाहेर शेंगा धरत नसत, कारण फूल फळवणारा कीटक तिथे नव्हता. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीच्या टोकानं फूल फळवण्याची रीत शोधली. आज जगभरची लागवड त्याच रीतीवर चालते. व्यापाऱ्यांची घरं भरली, आल्बियस गरिबीत मेला. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटक-केरळात व्हॅनिलाची लाट आली. ओल्या शेंगांना किलोला हजारांत भाव मिळाला, लोकांनी सुपारीच्या बागा भरभरून वेली लावल्या आणि दोन-तीन वर्षांत भाव कोसळला. उठाव आहे असं ऐकून लावलेलं पीक कसं बुडवतं, हे त्या बागाईतदारांनी पाहिलं. पण त्यांच्या वडिलांनी ते त्याआधीही एकदा पाहिलं होतं, आणि त्या वेळी शेवट वेगळा झाला होता.

पुत्तूरचा कारखाना

कॅडबरी कंपनी १९४८ मध्ये भारतात आली. ठाण्यात तिचा कारखाना उभा राहिला. तिथल्या चौकाला लोक आजही कॅडबरी जंक्शन म्हणतात. बिया परदेशातून आणायच्या तर परकीय चलन लागायचं. १९६५ पासून कंपनीनं केरळात वायनाडच्या बाजूला आणि नंतर कर्नाटकात कोकोच्या लागवडीला चालना दिली. रोपं दिली, सल्ला दिला, खरेदीची हमी दिली. सत्तरच्या दशकात लागवड झपाट्यानं वाढली. १९८० च्या आसपास जागतिक भाव पडले आणि खासगी खरेदी आटली. बागेत फळं पिकून पडली होती आणि घेणारं कोणी नव्हतं. शेतकऱ्यांनी झाडं तोडायला सुरुवात केली.

त्या वेळी मंगळूरला कॅम्पको ही सहकारी संस्था होती. १९७३ मध्ये सुपारीच्या पडलेल्या भावातून शेतकऱ्यांना बाहेर काढण्यासाठी ती स्थापन झाली होती, वारणाशी सुब्राय भट हे तिचे संस्थापक अध्यक्ष. कर्नाटक आणि केरळ या दोन्ही राज्यांच्या शेतकऱ्यांची ती एकच संस्था. दोन्ही सरकारांच्या विनंतीवरून कॅम्पकोनं कोकोची खरेदी सुरू केली. ओल्या बिया घेतल्या, आंबवल्या, वाळवल्या, बाहेर विकल्या. पण नुसत्या सुक्या बिया विकून भावाचा लगाम हातात येत नाही, हे लवकरच कळलं. मग संस्थेनं पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. १ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्रपती झैल सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शेतकऱ्यांच्या मालकीचा, कोको बटर आणि पावडर काढणारा, चॉकलेट बनवणारा हा कारखाना आजही चालू आहे.

जगातल्या कोकोचा मोठा वाटा पिकवणाऱ्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांकडे पाहिलं की या घटनेचं मोल कळतं. जगाच्या कोकोपैकी निम्म्याहून अधिक कोको तिथे पिकतो, पण बहुतेक बिया म्हणूनच बाहेर जातो. चॉकलेटच्या किमतीतला शेतकऱ्याचा वाटा सहा-सात टक्के असल्याचे अंदाज आहेत. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या बालमजुरीत होती. गरिबी आणि मुलांच्या हातातला कोयता यांचं नातं उघड आहे.

२०२२ मध्ये टनामागे अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव एप्रिल २०२४ मध्ये ११ हजारांवर आणि डिसेंबरमध्ये १२ हजारांवर गेला. पश्चिम आफ्रिकेतलं लहरी हवामान, झाडांच्या फांद्या सुजवणारा विषाणू, म्हातारी झालेली झाडं आणि वर्षानुवर्षं मिळालेल्या कमी भावामुळे थांबलेली नवी लागवड ही त्याची कारणं होती. पण तिथल्या सरकारी मंडळांनी पीक आधीच्या भावानं आगाऊ विकून टाकलं होतं, त्यामुळे तेजीचा मोठा भाग शेतकऱ्याला मिळालाच नाही. भारतात भाव खुला असल्यानं केरळात सुक्या बियांचा दर किलोला हजार रुपयांच्या आसपास पोचला. २०२५ मध्ये जागतिक भाव खाली आले तसे आंध्रात खरेदीदारांनी हात आखडता घेतला, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचंच संकट पुन्हा उभं राहिलं.

कोकणानं काय करावं

रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं 'लाखी बाग' ही कल्पना रुजवली. नारळाखाली जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी लावून एकाच जमिनीतून अनेक उत्पन्नं घ्यायची. कोकोही अशाच सावलीतलं पीक आहे, त्यामुळे तेजीच्या बातम्या वाचून कोकणात चौकशी सुरू होणं साहजिक आहे. लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: बिया आंबवणार कोण? तालुक्यात एकत्र आंबवण्याचं आणि पावसात यंत्रानं वाळवण्याचं केंद्र नसेल, तर ओली बी सांगितलेल्या भावाला देण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. आधी केंद्र, मग रोप, हा क्रम ठेवावा.

त्याहून जवळचं आणि खात्रीचं काम कोकमाच्या बियांचं आहे. झाडं आपली आहेत, बी आज हातात आहे, युरोपच्या कायद्यात तिच्या तेलाला जागा आहे, आणि देशातल्या संशोधन संस्थेनं तिचा उपयोग तपासून ठेवला आहे. उणीव आहे ती बिया गोळा करणाऱ्या जाळ्याची आणि तेल शुद्ध करणाऱ्या, शेतकऱ्यांच्याच मालकीच्या एका कारखान्याची. ज्या राज्यानं साखर आणि दूध या चॉकलेटच्या यादीतल्या पहिल्या दोन घटकांत सहकार उभा केला, त्या राज्याला तिसऱ्या घटकासाठी तो अशक्य नाही. दोन राज्यांचे सुपारीवाले १९८६ मध्ये पुत्तूरला जे करू शकले, ते सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरीचे बागाईतदार आज करू शकतात. त्यासाठी लागणारं भांडवल साखर कारखान्याच्या मानानं लहान आहे. निर्णय मात्र तितकाच मोठा आहे, आणि पुढच्या तेजीची वाट न पाहता तो घेतला पाहिजे.